भाडेकरू आणि भूत : शार्लट रिडेल यांच्या कथांतील अर्थव्यवहार

१

व्हिक्टोरियन कालखंडातील इंग्रजी भूतकथेचा व रहस्यकथेचा विषय निघाला म्हणजे चार्ल्स डिकन्स, विल्की कॉलिन्स आणि शेरिडन ले फॅन्यू ही नावे अभ्यासकाच्या ओठांवर सहज येतात. या नावांच्या मालिकेत शार्लट रिडेल हे नाव क्वचितच उच्चारले जाते. ज्या बाईंनी पन्नासांहून अधिक पुस्तके लिहिली, ज्यांच्या एका कादंबरीस १८६४ साली आठशे पौंड एवढा मोबदला मिळाला, ज्यांनी एका मासिकाचे संपादन केले आणि ज्यांच्या भुतांच्या गोष्टी नाताळच्या सुटीत घरोघर वाचल्या जात, त्यांच्या वाट्यास असे विस्मरण का यावे, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही. तथापि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी रिडेलबाईंनी भूतकथेस नेमके कोणते नवे वळण दिले, हे पाहणे अगत्याचे आहे. ते वळण थोडक्यात असे सांगता येईल की, त्यांनी भुताला व्यवहारात आणले. त्यांच्या कथेतील भूत हे बहुधा एखाद्या न मिटलेल्या हिशेबाचे भूत असते. आणि त्याची शांती मंत्राने वा प्रार्थनेने न होता, ज्याचे त्याला परत मिळाल्याने होते.

२

शार्लट एलिझा लॉसन कॉवन यांचा जन्म आयर्लंडच्या उत्तर भागातील कॅरिकफर्गस या गावी ३० सप्टेंबर १८३२ रोजी झाला. वडील जेम्स कॉवन हे अँट्रिम परगण्यातील एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. त्यांच्या निधनानंतर घरची स्थिती खालावली आणि आई व मुलगी अशी दोघीच उरल्या. लेखनावर पोट भरावे या हेतूने दोघी १८५५ साली लंडनला आल्या. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. हस्तलिखित घेऊन एका प्रकाशकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जावे, असा क्रम काही काळ चालला आणि थोड्याच अवधीत आईचेही निधन झाले. या दिवसांची आठवण पुढे ‘अ स्ट्रगल फॉर फेम’ (१८८३) या कादंबरीत कथारूपाने उतरली आहे. आयर्लंडहून लंडनला येऊन लेखिका होऊ पाहणाऱ्या मुलीची ती कहाणी असून, त्या काळातील ग्रंथव्यवसायाचे इतके जवळून घेतलेले दर्शन फार थोड्या कादंबऱ्यांत आढळते.

१८५७ साली त्यांचा विवाह जोसेफ हॅडली रिडेल या स्थापत्य-अभियंत्याशी झाला. आरंभीची पुस्तके टोपणनावांनी निघाली. १८५८ साली ‘दि मूर्स अँड दि फेन्स’ ही कादंबरी स्मिथ, एल्डर आणि कंपनीने प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यावर एफ. जी. ट्रॅफर्ड हे नाव होते. हीच संस्था अकरा वर्षांपूर्वी ‘जेन एअर’ प्रसिद्ध करून नावारूपास आली होती. ‘जॉर्ज गीथ ऑफ फेन कोर्ट’ (१८६४) या कादंबरीने लेखिकेचे नाव सर्वतोमुखी झाले आणि तदनंतर त्या ‘मिसेस जे. एच. रिडेल’ या नावाने लिहू लागल्या. लंडनच्या ‘सिटी’ या व्यापारी विभागातील पेढ्या, हुंड्या, भागीदाऱ्या आणि दिवाळी यांचे चित्रण हा त्यांच्या कादंबऱ्यांचा खास प्रांत होय. ‘जॉर्ज गीथ’चा नायक हिशेबनीस आहे, एवढे सांगितले म्हणजे त्या प्रांताची कल्पना येईल. उमराव आणि धर्मोपदेशक यांच्याभोवती फिरणाऱ्या तत्कालीन कादंबरीत रोजकीर्द-खतावणी लिहिणारा माणूस नायक व्हावा, ही गोष्ट नवीनच होती.

मात्र व्यापारी जगाचे हे ज्ञान केवळ निरीक्षणातून आलेले नव्हते. पतीचे व्यवहार फसत गेले आणि १८७१ साली त्यांचे दिवाळे निघाले. १८८० साली ते मरण पावले, त्यानंतर कायद्याचे बंधन नसतानाही रिडेलबाई त्यांची देणी आपल्या लेखनाच्या उत्पन्नातून फेडीत राहिल्या. येथे तत्कालीन इंग्लंडच्या कायद्याची एक बाजू ध्यानात घेतली पाहिजे. १८७० सालच्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यापूर्वी पत्नीच्या कमाईवर कायद्याने पतीचा अधिकार असे. म्हणजे ‘जॉर्ज गीथ’चे आठशे पौंड हे लिहिणाऱ्या हाताचे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते त्या हाताचे नव्हते. १८७० च्या कायद्याने पत्नीला तिची स्वतःची मिळकत दिली. सर्व मालमत्तेवरील स्वतंत्र हक्क १८८२ च्या कायद्याने आला. ‘वीअर्ड स्टोरीज’ हा रिडेलबाईंचा सुप्रसिद्ध भूतकथासंग्रहही १८८२ सालचाच. हा योगायोग असेल. परंतु त्या संग्रहातील कथा वाचताना तो विसरता येत नाही.

३

भूतकथा आणि नाताळ यांचे नाते इंग्लंडमध्ये जुने आहे. हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीभोवती बसून अशा गोष्टी सांगण्याची चाल पूर्वापार होती. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ने (१८४३) तिला ग्रंथरूप प्रतिष्ठा दिली, आणि पुढे मासिकांचे नाताळ अंक व स्वतंत्र वार्षिके यांनी तिचा एक व्यवसायच केला. आपल्याकडील दिवाळी अंकाशी परिचित असलेल्या वाचकास या व्यवसायाचे स्वरूप फोड करून सांगण्याचे कारण नाही. ठराविक मुदतीत, ठराविक पृष्ठांत बसणारी, कुटुंबात मोठ्याने वाचता येईल अशी गोष्ट हवी असे. रिडेलबाईंनी रूटलेज या प्रकाशनसंस्थेच्या वार्षिकांसाठी ‘फेअरी वॉटर’ (१८७३), ‘दि अनइनहॅबिटेड हाउस’ (१८७५), ‘दि हाँटेड रिव्हर’ (१८७७) आणि ‘दि डिसॅपिअरन्स ऑफ मिस्टर जेरेमाया रेडवर्थ’ (१८७८) अशा लघुकादंबऱ्या लिहिल्या. दिवाळे निघाल्यानंतरची ही वर्षे आहेत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

यांपैकी ‘दि अनइनहॅबिटेड हाउस’, म्हणजे ‘कोणी न राहणारे घर’, ही कृती त्यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना होय. टेम्सकाठी रिव्हर हॉल नावाचे एक घर आहे. ते हेलेना एल्म्सडेल या अनाथ मुलीच्या मालकीचे असून, तिचे व तिची मावशी मिस ब्लेक यांचे पोट त्या घराच्या भाड्यावर अवलंबून आहे. परंतु घरात एकही भाडेकरू टिकत नाही. मुदत संपण्यापूर्वीच प्रत्येक जण निघून जातो. कथा सांगणारा हॅरी पॅटरसन हा या मायलेकींसारख्या दोघींचे काम पाहणाऱ्या वकिलाच्या कचेरीतील कारकून आहे. त्यामुळे भुताची पहिली वार्ता वाचकाला किंकाळीने कळत नाही. ती कळते थकलेल्या भाड्याच्या पत्रव्यवहारातून. शेवटी सोडून गेलेल्या एका कर्नलावर भाड्याबद्दल दावा होतो, आणि भुतामुळे घर राहण्यास अयोग्य ठरते काय, असा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयासमोर उभा राहतो. मिस ब्लेक यांची साक्ष हा तर विनोदी लेखनाचा एक सुंदर मासला आहे. तडजोडीनंतर हॅरी स्वतः त्या घरात राहावयास जातो आणि उलगडा होतो तो असा की, हेलेनाच्या सावकार बापाने आत्महत्या केली असे सर्वजण समजत होते, पण वस्तुतः त्याचा मृत्यू त्याच्याच एका ऋणकोच्या हातून झालेला होता.

या कथानकाची उभारणी पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. प्रारंभी भाडे, मध्ये दावा, अखेरीस कर्ज : कथेची प्रत्येक पायरी पैशाच्या व्यवहाराने बांधलेली आहे. भूत या व्यवहारात बाहेरून घुसलेले नाही. ते त्याच व्यवहाराचे एक थकलेले प्रकरण आहे.

४

‘वीअर्ड स्टोरीज’ या संग्रहातील सहा कथांपैकी बहुतेकींत हेच सूत्र निरनिराळ्या रूपांत आढळते. ‘दि ओपन डोअर’चा निवेदक लिलाव व घरांची दलाली करणाऱ्या पेढीवरचा कारकून आहे. एका जुन्या वाड्यातील एक दार काही केल्या बंद राहत नाही. ते बंद करून दाखवण्याचे काम तो मोबदला ठरवून पत्करतो, आणि त्या दारामागचे रहस्य एका हरवलेल्या मृत्युपत्राशी जाऊन पोचते. (याच शीर्षकाची श्रीमती ऑलिफंट यांची कथाही १८८२ सालचीच असल्यामुळे सूचींत या दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो.) ‘नट बुश फार्म’मध्ये शेत खंडाने घेणाऱ्या नव्या कुळाला जुन्या कुळाचे भूत दिसते. गावाच्या समजुतीप्रमाणे तो जुना माणूस पैसा घेऊन परागंदा झालेला असतो. प्रत्यक्षात त्या पैशासाठीच त्याचा खून झालेला असतो. ‘दि ओल्ड हाउस इन व्हॉक्सहॉल वॉक’मध्ये बापाशी भांडून निघालेला एक निष्कांचन तरुण पावसाळी रात्री एका ओस घरात आसरा घेतो आणि स्वप्नात सोन्याची नाणी मोजणारी एक कंजूष म्हातारी पाहतो. ‘वॉलनट-ट्री हाउस’मध्ये वारशाने घर मिळालेल्या मनुष्याला तेथे एका उपेक्षित मुलाचे भूत भेटते, आणि गहाळ झालेले मृत्युपत्र सापडल्यावर ते घर खऱ्या वारसाचे ठरते. ‘ओल्ड मिसेस जोन्स’मध्ये तर एक गरीब कुटुंब स्वस्तात मिळाले म्हणून मोठे घर घेते आणि त्यात पोटभाडेकरू ठेवून निर्वाह करू पाहते.

या कथांतील माणसे भुताच्या घरात का राहतात, याचे उत्तर रिडेलबाईंपूर्वीच्या भूतकथेत बहुधा कुतूहल, पैज किंवा वंशपरंपरेचा अभिमान असे असे. रिडेलबाईंचे उत्तर साधे आहे : भाडे कमी आहे, आणि दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही. लंडनची लोकसंख्या १८५१ साली सुमारे साडेतेवीस लाख होती, ती १९०१ पर्यंत सुमारे पंचेचाळीस लाखांवर गेली. या नगरातील बहुसंख्य लोक भाड्याच्या घरात राहत. घर बदलणे, पट्ट्याची मुदत, आगाऊ रक्कम, दुरुस्ती कोणाकडे, ही त्यांच्या नित्याच्या चिंतेची बाब होती. असे घर इतके स्वस्त का, ही शंका प्रत्येक गरजू भाडेकरूच्या मनात येऊन गेलेली असते. त्या शंकेलाच रिडेलबाईंनी कथेचे रूप दिले. सरंजामी किल्ल्यात वावरणारे भूत अशा रीतीने नगरातील मध्यमवर्गीय घरात उतरले.

५

या ठिकाणी एका शब्दाचा विचार उद्बोधक ठरेल. घर भुताने व्यापलेले असणे या अर्थी इंग्रजीत ‘हाँट’ हे क्रियापद योजतात. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले, आणि त्याचा मूळ अर्थ भुताशी मुळीच निगडित नव्हता. एखाद्या स्थळी वारंवार जाणे, तेथे नित्य राबता असणे, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि त्याचे मूळ गृहवाचक जर्मानिक धातूत असावे असे व्युत्पत्तिकार मानतात. भुतांच्या संदर्भातील अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शेक्सपिअरच्या नाटकांच्या काळी, रूढ झालेला दिसतो. मराठीतील ‘झपाटणे’, ‘पछाडणे’ ही क्रियापदे याहून वेगळी आहेत. त्यांत झडप घालण्याची, खाली पाडण्याची कल्पना मुख्य असून, त्यांचे कर्म प्रथमतः माणूस असते. घर हे नंतर येते. ‘हाँट’ला खरा जवळचा मराठी शब्द ‘वावर’ हा होय. ‘त्या वाड्यात भुतांचा वावर आहे’ असे आपण म्हणतो, आणि ‘पाहुण्यांचा वावर’ असेही म्हणतो. जिवंत व मृत या दोघांसही हा शब्द सारखाच लागू पडतो.

रिडेलबाईंच्या कथांचे मर्म या अर्थच्छटेत आहे. त्यांचे भूत कोणावर झडप घालीत नाही. ते घरात वावरते, म्हणजे एका अर्थाने तेथे राहते, आणि भाडेकरूही तेथेच राहतो. एका वास्तूवर दोघांचा दावा आहे; त्यांपैकी एकापाशी करारपत्र आहे आणि दुसऱ्यापाशी गाऱ्हाणे. ‘कोणी न राहणारे घर’ या शीर्षकातील उपरोध असा की, ते घर कधीच रिकामे नव्हते.

भाषेच्या दृष्टीनेही या कथा त्यांच्या विषयास अनुरूप आहेत. निवेदक बहुधा कारकून, कूळ किंवा नोकरीच्या शोधात असलेला तरुण असतो. त्याची भाषा कचेरीच्या पत्रव्यवहारात मुरलेली असते. तो रक्कम सांगतो, अटी सांगतो, कोण केव्हा काय म्हणाले ते नोंदवतो. भयानक प्रसंगीही विशेषणांची गर्दी तो करीत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर नोंदी केल्या त्याने पाहिलेले भूत वाचकाला एक नोंद म्हणूनच पटते. मिस ब्लेक यांच्यासारख्या पात्राच्या तोंडी आयरिश वळणाची बोली घालून लेखिकेने या शुष्क निवेदनात जिवंतपणा आणला आहे.

६

समकालीनांशी तुलना करता हा विशेष अधिक उठून दिसतो. ले फॅन्यू हेही आयरिश. त्यांच्या ‘ग्रीन टी’ (१८६९) या कथेत एका धर्मोपदेशकास दिसणारे माकड त्याच्या मनाच्या आतून आले की बाहेरून, याचा निर्णय लागत नाही. तेथे अपराध कोणता, याचेही उत्तर नाही. ले फॅन्यूंच्या जगात भय अनाकलनीय आहे, म्हणून ते शमत नाही. रिडेलबाईंच्या जगात भयाला कारण आहे, आणि ते कारण कागदपत्रांत, तळघरात किंवा कोणाच्या तरी कबुलीजबाबात सापडते. या अर्थाने त्यांची भूतकथा ही रहस्यकथेची सख्खी बहीण होय. फरक एवढाच की, येथे फिर्यादी मृत असतो.

याच गुणात त्यांच्या मर्यादेचेही बीज आहे. सर्व हिशेब मिटला, खरा वारस सापडला, विवाह झाला, म्हणजे भीती उरत नाही. वाचकाचे समाधान होते. परंतु अंधारात मागे वळून पाहावे असे काही शेष राहत नाही. शिवाय पैशाच्या निकडीने भराभर लिहावे लागल्यामुळे पुष्कळ कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे. तीन खंडांची कादंबरी ही त्या काळी फिरत्या वाचनालयांची मागणी होती. अशा कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग असे, म्हणून सामान्य वाचक ती विकत न घेता म्यूडी यांच्यासारख्या वाचनालयातून आणीत असे. खंड भरण्यासाठी कथानक ताणणे लेखकास भाग पडे. नाताळच्या लघुकादंबऱ्यांत व कथांत ही सक्ती नव्हती. म्हणूनच तेथे रिडेलबाईंचे सामर्थ्य अधिक शुद्ध स्वरूपात दिसते.

७

आता विस्मरणाच्या प्रश्नाकडे वळता येईल. पहिले कारण ग्रंथव्यवसायातील आहे. १८९४ च्या सुमारास वाचनालयांनी तीन खंडांच्या कादंबरीचा आश्रय सोडला आणि तो ग्रंथप्रकार थोड्याच वर्षांत नाहीसा झाला. त्याबरोबर त्या प्रकारावर जगणारे लेखकही मागे पडले. दुसरे कारण नावाचे. टोपणनावांनी निघालेली पुस्तके व पतीच्या नावाने निघालेली पुस्तके सूचींत निरनिराळ्या ठिकाणी विखुरली, आणि ‘मिसेस जे. एच. रिडेल’ या नावात तर शार्लट हे नाव कोठेच नाही. तिसरे कारण अभिरुचीचे. १९०४ साली एम. आर. जेम्स यांचा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला, आणि भूतकथेचा आदर्श म्हणून विद्वानाची अभ्यासिका, जुने चर्च आणि हस्तलिखित यांचे जग मान्य झाले. भाडेपट्ट्याचे जग त्यापुढे सामान्य वाटले असल्यास नवल नाही.

खुद्द लेखिकेचा अखेरचा काळ कष्टाचा गेला. १८९२ पासून त्यांना कर्करोगाने ग्रासले. १९०१ साली लेखकसंघाने त्यांना साठ पौंडांचे वार्षिक निवृत्तिवेतन दिले. या संस्थेकडून असे वेतन मिळणाऱ्या त्या पहिल्याच लेखिका होत. २४ सप्टेंबर १९०६ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या देण्याची फेड केली, त्यांच्या वार्धक्याची सोय अशी धर्मादाय मदतीतून व्हावी, ही वस्तुस्थिती त्यांच्या कथांतील कोणत्याही प्रसंगाइतकीच बोलकी आहे.

त्यानंतरच्या काळात त्यांची दखल अधूनमधून घेतली गेली. १९३१ साली एस. एम. एलिस यांनी कॉलिन्स, ले फॅन्यू व इतर यांवरील आपल्या ग्रंथात त्यांच्यावर एक प्रकरण लिहिले. अमेरिकन संपादक ई. एफ. ब्लायलर यांनी १९७१ साली ‘दि अनइनहॅबिटेड हाउस’ पुन्हा छापली आणि १९७७ साली त्यांच्या भूतकथांचा संग्रह सिद्ध केला. २०१४ साली डब्लिनच्या ट्रँप प्रेसने ‘अ स्ट्रगल फॉर फेम’चे पुनर्मुद्रण केले. व्हिक्टोरियन स्त्री-लेखिकांचा व तत्कालीन अर्थव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांनीही अलीकडे त्यांच्याकडे लक्ष वळवले आहे.

हे लक्ष केवळ सहानुभूतीपोटी असू नये. भूतकथा हा पलायनाचा वाङ्मयप्रकार आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. रिडेलबाईंच्या कथा त्या आक्षेपास उत्तर देतात. कादंबरीत उघडपणे मांडणे अवघड अशी गोष्ट त्यांनी भुताच्या आडून मांडली : मालमत्ता ज्याच्या नावावर असते त्याचीच ती असते असे नाही, आणि कायद्याने मिटलेला व्यवहार न्यायाने मिटलेला असतोच असे नाही. जिची कमाई कायद्याने एके काळी तिची नव्हती, तिला हे वेगळे शिकावे लागले नसेल. त्यांच्या कथांतील भूत भीती घालण्यापेक्षा आपली बाजू ऐकून घेण्यासाठी येते. ती ऐकणारा कोणी गरीब कारकून निघतो, आणि मग ते घर राहण्यास योग्य होते.